ओटीडीआरच्या कागदाबरोबर अर्थिंगचा कागदही मागा

फायबरच्या कामाची तपासणी करून बिलं मंजूर करणारे अधिकारी, अभियंते आणि सल्लागार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी फायबरचे, म्हणजे इंटरनेटच्या काचेच्या तारांचे, सांधे जोडतो. 22 वर्षं झाली या कामाला. सुरुवात स्प्लायसिंग मशीनची पेटी उचलण्यापासून केली, आता माझ्या हाताखाली सात-आठ पोरं आहेत. त्यातल्या एकाच्या उजव्या तळहातावर भाजल्याचा डाग आहे. तो डाग कसा पडला ते आधी सांगतो, म्हणजे या पत्राचं कारण कळेल.

जून महिना होता, मराठवाड्यातलं एक गाव. आदल्या रात्री पाऊस झालेला, रस्त्याकडेची काळी माती पायाला चिकटत होती. एका घराला नवीन कनेक्शन द्यायचं म्हणून खांबावरचा क्लोजर, म्हणजे सांधे ठेवायचा बंद डबा, शिल्लक केबलीच्या लूपसकट खाली घेतला होता. केबल गावाच्या वेशीपर्यंत जमिनीतून आलेली आणि तिथून पुढे विजेच्याच खांबांवरून गेलेली. केबल आर्मर्ड, म्हणजे आत पत्रा. पोराने क्लोजर मांडीवर घेतला, झाकण उघडलं आणि बाहेर आलेला आर्मरचा कापलेला काठ नीट करायला हात घातला. पायात चप्पल, तीही ओली. तो ओरडला नाही. नुसता ताठ झाला आणि मागे पडला. पडला म्हणून हात सुटला, आणि हात सुटला म्हणून वाचला.

मी आर्मरला टेस्टर लावला. दिवा लख्ख पेटला. चार खांब पुढे चालत गेलो तर एलटी, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या कमी दाबाच्या लाईनची एक तार सैल होऊन आमच्या केबलवर टेकली होती. वाऱ्याने घासून घासून काळं आवरण कापलं गेलं आणि फेज, म्हणजे जिवंत वीज, थेट पत्र्यावर. वायरमनला फोन करून डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, बंद करायला लावला. हे किती दिवसांपासून असेल, सांगता येत नाही. गावातलं इंटरनेट मात्र सगळा वेळ व्यवस्थित चालू होतं. ग्रामपंचायतीतल्या डब्यावरचा हिरवा दिवा तसाच पेटलेला. ते काम कोणाचं होतं हे मी लिहीत नाही. त्या कामाचा स्वीकृती अहवाल मात्र मी नंतर पाहिला. पूर्ण होता, सगळे कागद जागेवर, सगळ्या सह्या जागेवर.

माझं दुखणं नेमकं इथे आहे. आपण आमच्याकडून काय काय मागता? प्रत्येक फायबरचा ओटीडीआर ट्रेस मागता, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून तो कुठे किती कमी होतो ते दाखवणाऱ्या यंत्राचा आलेख. सांध्याचा लॉस 0.05 डेसिबल आहे की 0.15, ते बघता. चर 165 सेंटिमीटर खोल आहे का, टेप टाकून मोजता. रूट इंडिकेटरचे दगड मोजता. हे सगळं बरोबरच आहे, मागायलाच हवं. पण ओटीडीआर फक्त काच बघतो. काचेभोवती जो पत्रा गुंडाळलेला आहे तो सलग आहे की तुटलेला, जमिनीशी जोडलेला आहे की अधांतरी, हे त्याला दिसत नाही. आणि जे कागदावर येत नाही ते जागेवर होत नाही, हे आपण माझ्यापेक्षा चांगलं जाणता. अर्थिंग न करता केबल टाकली तरी लिंक पहिल्या दिवशी उठते, स्पीड पूर्ण येतो. या चुकीला काही लक्षणच नाही. लक्षण दिसतं तेव्हा कोणाचा तरी हात त्यावर असतो.

"फायबरमध्ये करंट कुठे असतो?" हा प्रश्न मला ठेकेदारांनी विचारला आहे, दोन-तीन अभियंत्यांनीसुद्धा विचारला आहे. काचेत नसतो, मान्य. पण उंदीर-घुशींनी केबल कुरतडू नये म्हणून आपण तिच्यावर नालीदार पोलादी पत्रा घेतो, जेमतेम 0.15 मिलिमीटर जाडीचा. काही केबलींत पोलादी तारा असतात, काहींच्या पोटात मधोमध पोलादी तार असते, आठच्या आकाराच्या ओव्हरहेड केबलीत वरची भार घेणारी तार पोलादाची असते. दोन-चार किलोमीटरचा ड्रम टाकला म्हणजे आपण दोन-चार किलोमीटरचा विद्युतवाहक टाकला. त्याला प्लास्टिकचं आवरण आहे, म्हणून तो मध्ये कुठेही जमिनीला लागत नाही. एका टोकाला जे चढेल ते दुसऱ्या टोकाला जसंच्या तसं पोहोचेल. आमच्या पोराला शॉक बसला त्या जागेपासून तार टेकलेली जागा चार गाळे दूर होती. ती दीड किलोमीटर दूर असती तरी काही फरक पडला नसता.

आता अर्थिंग आणि बाँडिंग या दोन शब्दांबद्दल थोडं लिहितो, कारण साईटवर दोन्हीला मिळून "अर्थिंग" म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. अर्थिंग म्हणजे धातू जमिनीशी जोडणं. बाँडिंग म्हणजे जवळजवळचे धातू एकमेकांशी जोडणं, म्हणजे त्यांच्यात व्होल्टेजचा फरक राहणार नाही. माणसाला मारतो तो फरक. एक हात आर्मरवर, दुसरा रॅकवर, म्हणजे यंत्रं बसवलेल्या लोखंडी सांगाड्यावर, आणि दोन्ही वेगवेगळ्या पातळीवर असले की मधला वाहक आपण.

खड्डा खणला, पाईप पुरला, कोळसा-मीठ टाकलं की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. एक साधा हिशेब करू. फेजची 230 व्होल्टची तार आर्मरवर पडली. आपल्या खड्ड्याचा रोध 5 ओहम, डीपीच्या न्यूट्रलच्या खड्ड्याचाही 5 ओहम धरा. एकूण 10 ओहम, म्हणजे करंट 23 अँपिअर. 63 केव्हीएच्या डीपीतून एका फेजवर सुमारे 84 अँपिअर घेता येतात. मग 23 अँपिअरने फ्यूज उडेल का? उडणार नाही. तार पडलेली राहील आणि आर्मरवर 115 व्होल्ट बसून राहतील. अर्थिंग नसताना 230 होते, आता 115. कमी झाले, पण ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला तेही पुरेसे आहेत. म्हणून नुसता खड्डा पुरत नाही. जिथे माणूस हात लावणार तिथे आर्मर, रॅक, खोलीची अर्थिंग पट्टी, सौरपॅनेलचा सांगाडा, टॉवरचा पाय, सगळं एकाच पट्टीवर बांधलेलं हवं. आणि पहिली गोष्ट म्हणजे, विजेच्या खांबांवर आर्मर्ड केबल चढवायचीच नाही. खांबावर पूर्ण अधातू केबल वापरा. अ‍ॅरामिडच्या धाग्यांवर स्वतःचं वजन पेलणारी केबल सहज मिळते. जमिनीतली आर्मर्ड केबल वेशीवरच्या क्लोजरमध्ये संपवायची, तिथे तिचा आर्मर अर्थ करायचा आणि पुढे धातू न्यायचा नाही. "ड्रम उरला होता म्हणून वर चढवला" हे मी अनेकदा ऐकलं आहे. त्या मराठवाड्यातल्या गावातही तेच झालं होतं.

दोन स्वतंत्र अर्थिंगचा प्रकार याहून वाईट. पुष्कळ ठिकाणी आपल्या निविदेतच लिहिलेलं असतं की यंत्रांसाठी वेगळं, "स्वच्छ" अर्थिंग द्यावं. ठेकेदार इमारतीच्या मागे नवा खड्डा घेतो, आर्मर त्याला जोडतो. रॅकची वीज येते इमारतीच्या जुन्या बोर्डातून, त्याचं अर्थिंग पुढच्या बाजूला. दोन खड्डे, मध्ये जोड नाही. जवळपास वीज कोसळली की एका खड्ड्याचं व्होल्टेज काही हजार व्होल्टनी उचललं जातं, दुसऱ्याचं तेवढं उचललं जात नाही, आणि तो सगळा फरक त्या बिचाऱ्या स्विचच्या पॉवर कार्डावर येऊन बसतो. मग कार्ड बदलतात. पुढच्या वळवात पुन्हा बदलतात. आजार रेड्याला, डाग पखालीला. खड्डे दोन असायला हरकत नाही, दहा असोत, पण ते जाड तांब्याने एकमेकांशी बांधलेले हवेत. अमेरिकेच्या विद्युत संहितेत फायबरसाठी 770 क्रमांकाचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात हेच सांगितलं आहे: फायबरसाठी वेगळा इलेक्ट्रोड घेतला असेल तर तो इमारतीच्या वीजपुरवठ्याच्या अर्थिंगला किमान 6 गेजच्या, म्हणजे सुमारे 13 चौरस मिलिमीटरच्या तांब्याने जोडावा. आपल्याकडे 16 चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी वायर सर्रास मिळते, तीच वापरावी. आपल्याकडे अर्थिंगसाठी आयएस 3043 आहे, विजेच्या सुरक्षेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2023 चे नियम आहेत. म्हणजे बोट ठेवायला आधार नाही असं नाही.

आणि एक सापळा, ज्यात चांगली मनापासून काम करणारी पोरंही अडकतात. ग्रामपंचायतीच्या खोलीत गेलं की तीन पिनांचा सॉकेट दिसतो. आर्मर रॅकला जोडला, रॅक सॉकेटच्या अर्थ पिनला. कागदावर बाँडिंग झालं. पण त्या सॉकेटच्या मागे उघडून बघा. मी शेकडो उघडले आहेत. कित्येकदा वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच नसते. म्हणजे काय झालं? बाहेर आर्मरवर जे काही चढेल ते आता थेट रॅकच्या पत्र्यावर आलं, आणि रॅकला हात लावणारा कोण, तर दाखला काढायला आलेल्या माणसासाठी प्रिंटर चालू करणारा पंचायतीचा ऑपरेटर. अर्धवट बाँडिंग हे न केलेल्या बाँडिंगपेक्षा घातक आहे. म्हणून माझ्या टीममध्ये नियम असा आहे: आर्मर रॅकपर्यंत न्यायचाच नाही. भिंतीतून आत आल्यावर पहिल्या पेटीत आर्मर कापायचा, तिथे त्याला लग, म्हणजे वायर जोडायचं धातूचं टोक, लावून इमारतीच्या मुख्य अर्थिंग पट्टीशी जोडायचं, पट्टी नसेल तर आधी पट्टी करायची, आणि तिथून पुढे रॅकपर्यंत अधातू केबल. त्या अमेरिकी संहितेतही हे दोन्ही मार्ग दिले आहेत: इमारतीत शिरताना धातू एक तर अर्थ करा, नाही तर तोडून अलग करा.

उपकेंद्राच्या आवारात तर तोडायलाच हवा. तिथे अर्थ फॉल्ट झाला आणि समजा 2,000 अँपिअर अर्ध्या ओहमच्या अर्थिंगच्या जाळीतून जमिनीत गेले, तर आख्खं आवार 1,000 व्होल्टनी वर उचललं जातं. आत उभ्या असलेल्या माणसाला काही जाणवत नाही, कारण तो आणि त्याच्या भोवतीचं सगळंच वर गेलेलं असतं. पण एखादा आर्मर आवाराबाहेर जात असेल तर ते 1,000 व्होल्ट तो कुंपणापलीकडे पोहोचवतो. तिथल्या क्लोजरवर बसलेल्या पोराला उपकेंद्रात काय झालं हे कसं कळणार? कुंपणाच्या आत फक्त अधातू केबल. यात सवलत नको.

आता क्लोजर. सांगायला सगळ्यात सोपं आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हेच. क्लोजरच्या किटमध्ये बाँडिंगची वायर, क्लॅम्प, नट असं एका छोट्या पिशवीत येतं. काम झाल्यावर ती पिशवी न फोडलेली तशीच खड्ड्याच्या काठावर पडलेली मी किती वेळा पाहिली आहे. करायचं इतकंच असतं: बाहेरचं आवरण सोलल्यावर पत्र्याचा बोटभर भाग मोकळा ठेवायचा, त्यावरचा प्लास्टिकचा थर खरवडून धातू उघडा करायचा. कंपनीने पत्र्याला गंज लागू नये म्हणून दोन्ही बाजूंनी थर दिलेला असतो, तो न काढता क्लॅम्प आवळला तर क्लॅम्प घट्ट बसतो आणि जोड मात्र होत नाही. मग पत्र्याखाली क्लॅम्पची खालची पट्टी सरकवायची, आतल्या आवरणाला कड लागू द्यायची नाही, वरची पट्टी ठेवून नट आवळायचा. पत्र्याची धार ब्लेडसारखी असते, ट्यूब कापते आणि बोटही कापते. दोन्ही केबलींचे क्लॅम्प आतून वायरने जोडायचे, एक वायर बाहेर अर्थ स्टडवर. शेवटी मीटर लावून दोन्ही बाजूंच्या पत्र्यांत सलगता बघायची. सवयीच्या हाताला वीस मिनिटं लागतात. बारा फायबरचे सांधे करायला त्याहून जास्त वेळ जातो आणि त्या वेळेबद्दल कोणी कुरकुर करत नाही.

क्लोजरमधून बाहेर काढलेली वायर लांब ठेवू नका, गुंडाळू तर मुळीच नका. पोरं नीटनेटकं दिसावं म्हणून उरलेल्या वायरीचं छान वेटोळं करून टायने बांधतात. 50 हर्ट्झच्या करंटला त्याने काही होत नाही, पण आकाशातून कोसळणारी वीज हा 50 हर्ट्झचा करंट नाही. सरळ वायरीच्या दर मीटरला साधारण 1 मायक्रोहेन्री धरतात. कोसळणाऱ्या विजेचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात 10,000 अँपिअरनी वाढला तर त्या एका मीटरवरच 10,000 व्होल्ट उभे राहतात. तीन मीटर वायर असेल तर 30,000, आणि वेटोळं असेल तर त्याहून जास्त. तेवढ्यात विजेला दुसरी, जवळची वाट सापडते, आणि ती वाट बहुतेकदा यंत्रातून जाते. वायर आखूड, सरळ, वळणं मोठ्या गोलाईची.

आपल्या मातीबद्दलही बोलायला हवं, कारण तपासणीची तारीख आपण ठरवता. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पावसाळ्यात ओली असताना अर्थिंगला फार चांगली. डिसेंबरात मोजलं तर 3 ओहम सहज येतात. तीच माती मे महिन्यात आटते, वीत-वीतभर भेगा पडतात, पाईपपासून सुटून उभी राहते, आणि रोध कुठल्या कुठे जातो. कोकणात जांभ्यावर आणि घाटमाथ्यावर कातळात तर खड्डा खणणंच कठीण, तिथे एका पाईपने भागत नाही, दोन-तीन घेऊन जोडावे लागतात. आणि वळवाच्या विजा येतात कधी? एप्रिल-मे-जूनच्या सुरुवातीला, जमीन सर्वांत कोरडी असताना. म्हणून अर्थिंगचं माप उन्हाळ्यातलं धरा. हिवाळ्यात काम स्वीकारलं असेल तर मे महिन्यात एक फेरमोजणी करारातच लिहून ठेवा. मोजताना खुंट्या किती अंतरावर ठोकल्या तेही कागदावर घ्या: करंटची खुंटी 30 मीटरवर असेल तर व्होल्टेजची साधारण 62 टक्क्यांवर, म्हणजे 18-19 मीटरवर. मी असे अहवाल पाहिले आहेत ज्यात चाळीस खड्ड्यांचा रोध एकसारखा 1.8 लिहिला आहे. चाळीस गावांची माती एकसारखी नसते, साहेब.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. आर्मर सगळीकडे अर्थ केला की केबल शोधण्याच्या यंत्राचा सिग्नल पहिल्याच खड्ड्यात जमिनीत जातो, आणि जेसीबीवाल्याला केबल कुठून गेली ते दाखवता येत नाही. काही ठिकाणी एवढ्यासाठीच आर्मर मुद्दाम अधांतरी ठेवतात. यावर उपाय आहे. अर्थची वायर थेट न जोडता जमिनीवरच्या एका कुलूपबंद पेटीत आणा आणि तिथे सोडवता येईल अशी पट्टी ठेवा. केबल शोधायची असेल तेव्हा पट्टी सोडवायची, काम झालं की लावायची. सोडवण्याआधी मीटर आणि करंटचा क्लॅम्प लावून बघायचं. करंट दिसला तर पट्टीला हात लावायचा नाही, आधी तो कुठून येतो ते शोधायचं.

हातमोज्यांचंही. आपल्या अंदाजपत्रकात हेल्मेट असतं, रिफ्लेक्टरचं जाकीट असतं, विजेचे रबरी हातमोजे नसतात. क्लास 0 चे हातमोजे 1,000 व्होल्टपर्यंत चालतात, एलटी लाईनजवळच्या क्लोजरसाठी पुरेत. 11 केव्हीच्या खालून किंवा शेजारून केबल जात असेल तर मात्र त्या हातमोज्यांवर विसंबायचं नाही, वीज बंद झाल्याची लेखी खात्री घेतल्याशिवाय केबल उघडायचीच नाही. माझ्या पोरांना मी एकच सांगतो, कापलेला आर्मर ही उघडी तार समजा, टेस्टर नाही म्हणेपर्यंत. पण हातमोजे मी माझ्या खिशातून घेतो, आणि माझ्यासारख्या छोट्या ठेकेदाराच्या खाली काम करणाऱ्या प्रत्येक टीमला ते परवडत नाहीत.

2011 साली अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायचं ठरलं, 2023 मध्ये त्यासाठी आणखी सुमारे 1.39 लाख कोटी रुपये मंजूर झाले. कामं अजून चालू आहेत, आज या क्षणी कुठे तरी कोणी तरी क्लोजर उघडून बसलं आहे. म्हणून माझी मागणी मोठी नाही. स्वीकृती अहवालात तीन रकाने वाढवा: प्रत्येक क्लोजरमधल्या आर्मरच्या सलगतेचं माप, प्रत्येक खड्ड्याचा रोध मोजणीच्या तारखेसकट, आणि प्रत्येक इमारतीत आर्मर कुठे संपवला आणि कोणत्या पट्टीला जोडला त्याचा फोटो. अंदाजपत्रकात बाँडिंगसाठी वेगळी ओळ आणि वेगळा दर द्या, कारण दर नसलेलं काम ठेकेदार फुकट करत नाही आणि त्याने करावं अशी अपेक्षाही न्याय्य नाही. ज्या कामांची बिलं निघून गेली आहेत तिथे निदान विजेच्या खांबांवर चढवलेली आर्मर्ड केबल कुठे कुठे आहे त्याची यादी या पावसाळ्याआधी करा. ती यादी करायला मीटरही लागत नाही, मान वर करून चालावं लागतं.

आपल्यापैकी कोणाला आपल्या विभागात हे सुरू करायचं असेल, तर माझी टीम मीटर घेऊन एक दिवस येईल. पहिले दहा क्लोजर आपल्यासमोर उघडून, बांधून, मोजून दाखवू. त्याचे पैसे नकोत. तळहातावर डाग असलेला पोरगाही बरोबर येईल. आता आमच्यात बाँडिंग सगळ्यात चोख तोच करतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक स्प्लायसर